नऊ जण, तीन पिढ्या आणि पहिलं सिंगापूर: आजी-आजोबांना घेऊन परदेशवारी कशी करायची

आमची टीम आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. सासरे ७४, सासूबाई ६९, माझी आई ६६, आम्ही दोघं, आमची १२ वर्षांची लेक, ५ वर्षांचा मुलगा, नणंद आणि तिचे मिस्टर. नऊ जण. यातल्या तिघा ज्येष्ठांनी विमान फक्त वरून जाताना पाहिलेलं. भाऊबीज उरकून आम्ही निघालो, सहा रात्री सिंगापूर करून आलो, आणि आल्यापासून ज्याला त्याला फोनवर तेच तेच सांगतेय, म्हणून म्हटलं एकदाच लिहून काढावं.

सिंगापूरच का, तर मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट साडेपाच तासांच्या आसपास, घड्याळ फक्त अडीच तास पुढे, सगळीकडे लिफ्ट आणि रॅम्प, नळाचं पाणी पिता येतं, आणि लिट्ल इंडिया या भारतीय वस्तीतल्या सेरंगून रोडवर गेलं की मोगऱ्याचे गजरे आणि केळीची पानं. पहिल्याच खेपेला युरोपची सात देशांची बस टूर करायची का, तर माझं स्पष्ट मत नाही. रोज बॅग भरायची, रोज नवं हॉटेल, सकाळी सातला लॉबीत हजर. सत्तरीच्या माणसाला ती सहल नाही, बदलीची नोकरी आहे.

पासपोर्टपासून सुरू करा, तिकिटापासून नाही

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. आईच्या आधारवर नाव एक, पॅनवर मागे 'बाई' लावलेलं, आणि बँकेच्या पासबुकात माहेरचं आडनाव. सासूबाईंची जन्मतारीख १ जून, जशी त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राची आहे, कारण शाळेत गुरुजींनी तीच टाकली. त्याला काही हरकत नाही, फक्त सगळ्या कागदांवर तीच १ जून पाहिजे. एका कागदावर वेगळं साल निघालं की आधी आधार दुरुस्त, मग बाकीचं, आणि यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून ज्येष्ठांचे कागद टेबलावर पसरा, नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर जुळवा, मगच पासपोर्टचा फॉर्म भरा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टवर १० टक्के सूट असते. मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो हे विसरू नका, आमच्या लेकीचा संपत आलेला, ते ऐनवेळी कळलं. प्रवासाच्या वेळी पासपोर्टचे सहा महिने तरी शिल्लक पाहिजेत.

सिंगापूरचा व्हिसा ऑथराइज्ड एजंटामार्फत होतो, मुलाखत वगैरे काही नाही. फोटो मात्र त्यांच्या मापाचा, ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं. सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटाची जी असेल ती, तर दोन-तीन ठिकाणी विचारा कारण नऊ माणसांत तो फरक मोठा होतो. त्याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड म्हणून एक ऑनलाइन फॉर्म असतो, तो पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो आणि पूर्ण फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साइटी वर येतात, तिकडे जाऊ नका, तिथल्या इमिग्रेशनच्या म्हणजे आयसीएच्या सरकारी साइटवरच भरा. त्यात ईमेल चालू असलेला द्या, कारण तिकडे आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पास ईमेलवर येतो. सासरे यावर अजून नाराज आहेत. "एवढं लांब गेलो आणि पुरावा काय?" असं म्हणतात.

पैशाचं बोलणं आधीच करा

हा विषय अवघड आहे पण टाळला तर सहलीत निघतो, आणि तोही जेवणाच्या बिलावर. आम्ही एका रविवारी सगळ्यांना बसवलं. तिकिटं आणि हॉटेल ज्याचं त्याने, माझ्या आईचं आम्ही दोघांनी, सासऱ्यांनी हट्टाने स्वतःचं दोघांचं दिलं आणि आम्ही देऊ दिलं. "बाबा तुम्ही फक्त चला, खर्चाचं आम्ही बघतो" हे वाक्य कानाला बरं वाटतं पण त्यात माणूस पाहुणा होऊन जातो, मग पाण्याची बाटली घ्यायलासुद्धा तोंडाकडे बघतो. तिथला रोजचा खर्च, म्हणजे टॅक्सी, चहा, जेवण, यासाठी एक सामायिक पाकीट केलं आणि ते १२ वर्षांच्या लेकीच्या ताब्यात. तिने वहीत पैन् पै लिहिली, काकाने घेतलेल्या जास्तीच्या आइस्क्रीमसकट.

आणि तिघा ज्येष्ठांना प्रत्येकी १०० डॉलर सुट्टे करून पाकिटात घालून हातात दिले, हिशोब द्यायचा नाही या अटीवर. सासूबाईंनी त्यातून मुस्तफा सेंटरमध्ये भावजयांसाठी सात पर्स घेतल्या, कुणाला न विचारता. त्यांच्या ६९ वर्षांत असं किती वेळा झालं असेल देव जाणे.

पॅकेज एजंटाकडून घेतलं तर वर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो खर्च नाही, रिटर्न भरताना परत मिळतो, पण हातातून आधी जातो म्हणून बजेटमध्ये धरा. पावती ज्याच्या पॅनवर आहे त्यालाच क्रेडिट मिळतं. आमची सगळी सासऱ्यांच्या पॅनवर निघाली होती, मग घरात परत एक रविवार.

बुकिंग करताना

तिकिटं शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर काढा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला पालकांपैकी एकाच्या शेजारची सीट द्यायची असा डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचा नियम आहे, पण तो एका पीएनआरवर असाल तरच. ज्येष्ठांना आइल सीट, टॉयलेटच्या जवळ, त्याचे जास्तीचे पैसे लागले तरी द्या. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा. सासूबाई म्हणाल्या, मी काय आजारी आहे का. खरंय, पण मुंबईच्या टी-२ वर गेटपर्यंत जे चालावं लागतं ते गुडघ्यांना विचारा. शेवटी नणंदेने सांगितलं की व्हीलचेअरवाल्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, तेव्हा लगेच बसल्या आणि वर हात हलवत पुढे गेल्या. एक मात्र करा, व्हीलचेअरबरोबर घरातलं एक माणूस ठरवून द्या, कारण ते लोक भराभर दुसऱ्या वाटेने नेतात आणि पासपोर्ट सगळे तुमच्या पर्समध्ये राहतात.

हॉटेल आम्ही लिट्ल इंडिया आणि फॅरर पार्कच्या मधे घेतलं. मरीना बेच्या समोरची रूम फोटोत भारी दिसते पण खाली उतरल्यावर इडली मिळत नाही. खोल्या चार: सासू-सासरे, आई आणि लेक, आम्ही तिघं, नणंदेचं जोडपं. सिंगापूरच्या खोल्या लहान असतात आणि माणसांचा आकडा काटेकोर पाळतात, "गादी टाकून घेऊ" हे तिथं चालत नाही. फोन करून दोन गोष्टी विचाराच. एक, सगळ्या खोल्या एका मजल्यावर मिळतील का. दुसरी, बाथटब आहे की नुसता शॉवर. टबमध्ये पाय उचलून जाणं आणि तेही ओल्या पायाने, हे ज्येष्ठांचं हाड मोडायचं सगळ्यात सोपं ठिकाण. बादली-तांब्या नसतो, एक प्लॅस्टिकचा मग घरून न्या. बऱ्याच टॉयलेटमध्ये जेट स्प्रे नसतो, त्यासाठीही एक छोटी बाटली पर्समध्ये. हे कुणी लिहीत नाही पण आमच्याकडे पहिल्या दिवशीची सगळ्यात गंभीर मीटिंग यावरच झाली.

पंचांग बघा. आमची कार्तिकी एकादशी तिथंच आली, आधी माहीत होतं म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे बरोबर होते आणि केळी कोपऱ्यावर मिळाली. संकष्टी येत असेल तर कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ तिकडे उपयोगाची नाही, तिथली वेगळी बघावी लागते.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

दिवाळीनंतर जाताय म्हणजे फराळाचा डबा जाणारच. चिवडा, चकली, शंकरपाळे बिनधास्त. अनारसे नाही! त्यावर खसखस असते आणि सिंगापुरात खसखस नार्कोटिक्सवाल्यांच्या यादीत येते. सासूबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले, की बाई, तुमच्या अनारशाला तिकडे अफूचा नातेवाईक समजतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत नकोत, त्यातल्या तेलामुळे विमानात चालत नाहीत. मटण-चिकनचं काही नेऊ नका. लोणचं चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या बॅगेत, पहिल्या रात्री उशिरा पोचल्यावर त्यांनीच वाचवलं. मेतकूटही न्या.

आता नाजूक विषय. घरात कुणाला तंबाखू-चुन्याची सवय असेल तर आधीच बोला. तोंडात चघळायची तंबाखू, गुटखा, जर्दा, काहीही नेता येत नाही. सिगारेटला ड्यूटी-फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी डिक्लेअर करून कर भरायचा. व्हेप तर पूर्ण बंद. आमच्या एका सदस्याने (नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहे) मुंबई एअरपोर्टवर गेटपाशी पुडी कचऱ्यात टाकली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. च्युइंगमची विक्री तिथं १९९२ पासून बंद आहे, मुलांच्या खिशातून तेही काढा.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पट्टीसकट, प्रिस्क्रिप्शनच्या इंग्रजी प्रतीसह. गोळ्यांच्या डब्यात वार लावून नेल्या तरी पट्ट्या सोडू नका. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनवालं कफ सिरप असेल तर आधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागू शकते, यादी तपासा. सासऱ्यांना इन्सुलिन आहे. अडीच तासांच्या फरकात डोस कधी घ्यायचा हे निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं, विमानात बसून अंदाज लावला नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी जे असेल ते खरं लिहा. प्रीमियम वाढेल म्हणून लपवलं की क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं.

बाकी किरकोळ: तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, शाल किंवा स्वेटर, कारण बाहेर घामाच्या धारा आणि आत मॉलमध्ये हुडहुडी. छत्र्या. आणि बूट. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. आम्ही दोन महिने आधी ज्येष्ठांना बूट घेतले आणि रोज संध्याकाळी घालून चालायला लावलं, आधी एक किलोमीटर, मग तीन. काठपदर साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज. सुरुवातीला कॉलनीत हसले लोक, आता चौघीजणी तशाच फिरतात.

दिवस कसा आखायचा

बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा: दिवसाला दोनच गोष्टी. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि दुपारी हॉटेलवर येऊन आडवं व्हायचं. पैसे खर्चून झोपायला गेलो का, असं नवरा पहिल्या दिवशी म्हणाला आणि त्याच्या आग्रहाने आम्ही सकाळी झू, दुपारी रिव्हर वंडर्स, रात्री नाइट सफारी, सगळं मंडाई नावाच्या एकाच भागात आहे म्हणून एका दिवसात घातलं. कागदावर बरोबर दिसतं. चार वाजता मुलगा जमिनीवर लोळून रडत होता, सासऱ्यांची शुगर खाली आली, आई काहीच बोलत नव्हती (हे सगळ्यात वाईट लक्षण), आणि नाइट सफारीची तिकिटं वाया गेली. नंतर वेगळ्या दिवशी फक्त नाइट सफारी केली, ती सव्वासातच्या सुमाराला उघडते, ट्राममध्ये बसून साधारण चाळीस मिनिटं फिरवतात, अंधारात समोर प्राणी, आणि तिघांनाही एक पाऊल चालावं लागलं नाही. १९९४ ला सुरू झालेली ही जगातली पहिली रात्रीची झू आहे असं तिथं कळलं.

दुपारची विश्रांती हवामानालाही धरून आहे. नोव्हेंबरात तिकडे दुपारी पाऊस कोसळतो, अर्ध्या तासात सगळं चिंब आणि परत ऊन. वर्षभर सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे पाचला निघालं तरी पुष्कळ उजेड मिळतो.

आमचा सगळ्यात जमलेला दिवस असा होता. सकाळी कोमला विलासमध्ये डोसा. १९४७ पासूनचं हॉटेल, शुद्ध शाकाहारी, सासूबाईंनी स्वयंपाकघर लांबून बघून पास केलं. मग रस्त्यावरच्या वीरमाकालीअम्मन देवळात दर्शन. दहाच्या आत खोलीवर, मुलं टीव्ही, मोठे झोप. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. तिथल्या क्लाउड फॉरेस्ट नावाच्या काचघरात ३५ मीटरचा धबधबा, आत गारवा, वर जायला लिफ्ट आणि मग उतरत उतरत यायचं, म्हणजे गुडघेवाल्यांनाही जमतं. बाहेर सुपरट्री म्हणजे झाडासारख्या उंच मनोऱ्यांखाली ७:४५ आणि ८:४५ ला दिव्यांचा आणि गाण्यांचा शो असतो, पूर्ण फुकट. लोक जमिनीवर आडवे होऊन वर बघतात. माझी आई, जी घरात पाहुण्यांसमोर पाय पसरत नाही, ती शेजारच्या चिनी आजीच्या बाजूला शाल अंथरून सरळ आडवी झाली. मी फोटो काढला नाही, काढायला पाहिजे होता.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचं हा हट्ट सोडा. युनिव्हर्सल स्टुडिओला आम्ही चौघं आणि लेक गेलो, ज्येष्ठ आणि छोटा नाही, कारण राइड्सना उंचीची अट आहे आणि उन्हात बाकावर बसून दुसऱ्यांच्या पर्स सांभाळायला कुणी पासपोर्ट काढत नाही. पण म्हणून रोज रोज नातवाला त्यांच्याकडे सोडून जाऊ नका, ते सुट्टीवर आलेत, पाळणाघर चालवायला नाही. आम्ही ती एकच दुपार मागितली आणि दुसऱ्या दिवशी त्या बदल्यात तिघांना फ्लायरमध्ये बसवलं. १६५ मीटर उंच पाळणा, अर्ध्या तासाची एक फेरी, आत एसी आणि बसायला बाक. सासरे वरून बंदरातली जहाजं मोजत होते, सत्तराच्या पुढे मोजायचं सोडलं.

फिरताना अडणाऱ्या गोष्टी

नऊ हा आकडा टॅक्सीसाठी वाईट. साध्या टॅक्सीत चारच बसतात, पाचवा घ्या म्हटलं तर ड्रायव्हर नुसता मान हलवतो. एक मोठी सहा सीटची आणि एक साधी असं करावं लागतं. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ॲपवरून बोलावलेल्या खाजगी गाडीत चाइल्ड सीट लागते, रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, म्हणून छोटा असेल ती गाडी नेहमी टॅक्सीच घ्यायची.

एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, आणि ती खरंच सोपी आहे. आपलं इंटरनॅशनल चालू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवलं की झालं, पण एका कार्डावर एकच माणूस. म्हणजे ज्येष्ठांसाठी आणि लेकीसाठी वेगळी प्रीपेड कार्डं घ्या, आणि ती गळ्यात अडकवा, कारण बाहेर पडतानाही टेकवावं लागतं आणि तोवर ते पर्सच्या तळाशी गेलेलं असतं. सरकते जिने आपल्यापेक्षा जोरात पळतात, साडीवाल्यांनी लिफ्टच घ्यावी, प्रत्येक स्टेशनला आहे. आत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. डबा उघडायची सवय असलेल्या आज्यांना हे रोज सकाळी आठवण करून द्या.

जेवणाचं म्हणाल तर लिट्ल इंडियात काही अडत नाही. हॉकर सेंटरला, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या स्टॉलवर, मात्र एकदा जाच, टेक्का सेंटर तिथून जवळच आहे. टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते विसरलेलं नाही, जागा धरलेली आहे, अगदी आपल्या एसटीतल्या रुमालासारखी. ताट उचलून ठेवणं सक्तीचं आहे. चिनी शाकाहारी स्टॉलवर जे ताटात येतं ते हुबेहूब मटणाच्या तुकड्यांसारखं दिसतं, असतं सोयाबीनचं किंवा गव्हाचं. आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं नव्हतं आणि सासूबाई ताटावरून उठल्या, मग त्या दिवशी त्यांचं जेवण म्हणजे घरचा चिवडा आणि दही.

ज्येष्ठांच्या खिशात हॉटेलचं कार्ड आणि आपला नंबर ठेवा. सासरे तिसऱ्या दिवशी पहाटे एकटेच चालायला गेले, आम्ही तासभर हवालदिल, तर ते खाली एका तमिळ फुलवाल्याबरोबर कॉफी पीत बसलेले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानंतर रोज जायचे.

परतीला खरेदीवरचा ९ टक्के जीएसटी परत मिळतो, एका दुकानात १०० डॉलरच्या वर घेतलं असेल तर, आणि पासपोर्ट दुकानात दाखवलेला असेल तर. त्यासाठी चांगी विमानतळावर तीन तास नाही, चार तास आधी जा. उरलेल्या वेळात तिथल्या ज्वेल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघा, पण तो बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे इमिग्रेशनच्या आधीच.

आणि मुंबईहून गावापर्यंतची मोठी गाडी निघायच्या आधीच ठरवून ठेवा, रात्री दोनला उतरून नऊ माणसं आणि चौदा बॅगा घेऊन गाडी शोधू नका. शेजारच्या काकूंना तुळशीला पाणी घालायला किल्ली दिलेली असेलच, त्यांनाच सांगून ठेवा, पोचायच्या दिवशी दूध आणि थोडं दही घेऊन ठेवा म्हणून. आम्ही पहाटे सहाला घरात शिरलो, सासूबाईंनी बूट न काढता आधी पिठलं टाकलं.